मुगीनं गिळलेला शब्द

आमच्या ह्यांच्यासमोर 'मेलं' हा शब्द काढायचा न्हाई. झुरळ मेलं तरी 'गेलं' म्हणायचं. बांगडी फुटत न्हाई, वाढती. दिवा विझवायचा न्हाई, मालवायचा. संध्याकाळी गिरणी बंद करायची न्हाई, वाढवायची. डब्यातलं तेल संपलं म्हणलं की ह्यांच्या कपाळाला आठी पडती, म्हणून 'तेल आणायचं हाय' म्हणायचं. साप तर बारा महिने लांबडं. आता मी जुन्या जालन्याची. आमच्या गल्लीत ऑटोवाले आन मोटरसायकलवाले दिवसभर एकमेकांना 'मर जा तिकडं' म्हणत असतात आन सगळे धडधाकट जगून राह्यलेत. पण परतूरला ह्यांच्या घरात आले आन तोंड सांभाळायला शिकले. म्हणजे शिकायचा प्रयत्न केला.

ह्यांचं नाव बद्रीनाथ. गाव मंठ्याकडचं, शेती भावांनी करायची आन ह्यांनी परतूरात पिठाची गिरणी चालवायची, असं वाटून घेतलेलं. ठेंगणे, मऊ आवाजाचे, पापण्यांवर कायम पीठ. कुणाच्या बाजरीवर कुणाचा गहू टाकणार न्हाईत, उपासाची भगर निराळ्या दिवशी दळणार, म्हणून बायका लांबून दळण घेऊन येतात. माणूस म्हणून सोनं हाय, हे मी कुणालाबी सांगेन. पण ह्या सोन्यानं माझं डोकं जितकं उठवलं तितकं कुणीच उठवलं न्हाई.

कारण ह्यांना फिट येते. मी सरळ म्हणते, फिट. लहानपणापासून येते. लग्नाआधी आमच्या घरी कुणी सांगितलं न्हाई. का न्हाई सांगितलं, तर मंगलकार्यात अशुभ बोलू नाही. मला लग्नानंतर कळलं, ते बी डोळ्यांनी बघून. तेव्हा मी इचारलं, "हे काय व्हतं?" तर म्हणले, "कधी कधी ते होतं." ते म्हणजे काय, ह्याचं नाव कधी ह्यांच्या तोंडून आलं न्हवतं. डॉक्टरसमोरबी 'ते'. शेवटी डॉक्टरच 'ते' म्हणायला लागले.

जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू हायेत, पण फिट पूर्ण थांबली न्हाई. डॉक्टर म्हणले, मशीनजवळ काम नको. आता गिरणीत मशीनजवळ न्हाई तर कुठं काम करायचं? दाणे वरच्या पत्र्याच्या तोंडात ओतायचे, तर शेजारी एवढा रुंद पट्टा गरागरा फिरून राह्यलेला. तरी हे इतकी वर्षं सुखरूप राह्यले ते मुगीमुळं.

मुगी आमचं कानूळ. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या लोक कानुळं पाळत आलेत. मांजराएवढं अंग, घोंगडीच्या रंगाची लव, आन सशाला लाजवतील असे कान. दूध देत न्हाई, उंदीर धरत न्हाई, राखण करत न्हाई. माणसाला चिटकून राहतं, आन आपल्या माणसाच्या अंगात काही बिघडणार असलं की त्याला आधी वास येतो. ह्यांना फिट यायच्या जरा आधी मुगी अशी वरडायची की कानाचे पडदे फाटावेत, आन ह्यांच्या पायजम्याला धरून खाली वढायची. हे लगेच भिंतीला टेकून बसायचे, मी धावत जाऊन खटका पाडायचे. मोटर थांबायची, फिट यायची, जायची, जरा येळानं हे उठून उरलेलं दळण दळायचे. गिऱ्हाईक असलं तर चक्कर आली म्हणायचं. चालल्तं की बराबर.

पण सुखानं राहवत न्हाई माणसाला. चार-पाच वर्षांमागं कुणालातरी शोध लागला की तोंडाजवळ धरून रोज शब्द शिकवले तर कानुळं बोलतात. झालं. परतूरात घरोघरी तेच. समोरच्या किराणावाल्या रामरावांचं कानूळ गिऱ्हाइकाला "राम राम" म्हणायला लागलं, मंग "उधारी बंद" म्हणायला लागलं. ह्यांनी बी मुगीला शिकवायला घेतलं. मी म्हणलं, "तिला काय कमी हाय? ती वरडती, तुम्ही बसता. चालत्या गाडीला खीळ कशाला?" तर म्हणले, "मला तिला एक इचारायचंय. तिला आधी काय कळतं ते."

आपल्या अंगात काय होतं हे ज्याला कुणी सांगितलं न्हाई, त्याला इचारावं वाटणारच. वाईट वाटलं मला त्यांचं.

मुगी गिरणीत बोलायला शिकली. तिथं मोटरच्या आवाजात सगळेच वरडून बोलतात, त्यामुळं तिला वाटलं बोलणं म्हणजे वरडणंच. घरात बी तसंच. मी चहा करून राह्यले आन मागून एकदम, "सुरेखा. ह्याला काय म्हणतात?" गाळणी. "ह्याला?" साखर. "ह्याला?" अगं बाई, गप बस, ह्याला डोकेदुखी म्हणतात. तिनं ते बी ध्यानात ठेवलं. कांताबाई, आमचं रोजचं गिऱ्हाईक, 'डोकेदुखी हाय' म्हणत आली की मुगी इचारायची, "चहात टाकायची का?"

हसू नका. पुढं ऐका. शब्द आले तशी ती बदलत गेली, आन ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येईना. आधी भाकरीचा तुकडा टाकला की खायची. 'उद्या' शब्द कळल्यावर अर्धा तुकडा खायची आन अर्धा रिकाम्या पोत्यात लपवायची. बुरशी आलेले तुकडे मी काढत बसायचे. "उद्या भाकर केली न्हाई तर?" अगं, जन्मभर केली ना रोज. "उद्या न्हाई केली अजून." आधी दुपारभर उन्हात पडून राहायची. आता पडल्या पडल्या इचार करायची. कपाळाला आठ्या पडल्त्या तिच्या. कानुळाच्या कपाळाला आठ्या तुम्ही बघितल्यात का कधी? मी बघितल्या.

एक दिवस ह्यांनी तिला इचारलं, तिला आधी काय कळायचं. मुगीनं पंजानं कान खाजवला. मंग म्हणली, "आधी वास यायचा आन मी वरडायचे. मधी काही न्हवतं. आता वास आला की मधी शब्द येतो. मंग शब्दाकडं बघावं लागतं."

हे खूष. "बघ सुरेखा, किती शहाणी झाली." मी तेव्हाच म्हणलं, हे बरं न्हाई. पण माझं कोण ऐकतं?

आन ह्यांनी तिला काय शिकवलं असेल? एकदा दिवेलागणीला मुगी वरडली, "उद्या लाईट जाणार." लाईट जातेच, त्यात काय. पण ह्यांनी तिला मांडीवर घेतलं आन समजावून सांगितलं की तिन्हीसांजेला असं बोलू नाही. घरात वास्तू राहती. आपण बोललं की ती तथास्तु म्हणती. वाईट बोललं तर वाईट होतं, चांगलं बोललं तर चांगलं होतं. वाईट तोंडात आलं तर गिळून टाकायचं आन त्याच्या जागी चांगलं म्हणायचं. माझ्या सासरी लेकरालाबी हेच शिकवतात. लेकरू ऐकतं आन विसरतं, खेळायला जातं. मुगी विसरली न्हाई. तिच्याकडं मोजकेच शब्द होते, ती एकेक धरून बसायची. दुसऱ्या दिवशी खरंच लाईट गेली, आन ती माझ्याकडं अशी बघून राह्यली की जशी तिनंच तार तोडली.

मी ह्यांना म्हणलं, "अहो, तिला हे कशाला सांगितलं? तिचं कामच वाईट सांगायचं हाय." तर हे म्हणले, "ती काय बोलून सांगती का? ती वरडती. ते निराळं." लॉजिक बघा.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात व्हायचं ते झालं. दुपारची वेळ, गिरणीत गर्दी, मी आत कणीक मळून राह्यले. मुगीचा आवाज आला. वरडणं न्हाई, शब्द. "सगळं चांगलं. आज सगळं चांगलं होणार. बद्रीनाथ चांगला. काही होणार न्हाई." एकसारखं तेच. मला वाटलं, चालली बडबड. कांताबाई तर कौतुकानं हसून म्हणली, "किती गोड बोलून राह्यली." तेवढ्यात हे उभ्यानं पडले, पट्ट्याकडं. शर्टाची बाही वढली गेली. कांताबाईची किंकाळी ऐकून मी कणकेच्या हातानं धावले आन खटका पाडला. मनगट मोडलं, कोपरापर्यंत सालटं निघालं. हात राह्यला हे नशीब. पट्ट्यात मान गेली असती तर, हे वाक्य मी पूर्ण करत न्हाई, ह्यांच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी.

हातात प्लास्टर घालून घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "मुगी आता सांगत न्हाई. ती सांगत न्हाई तवर मोटर चालू होणार न्हाई. मी खटक्याची तारच काढून ठेवली." हे रोज सकाळी आंघोळ करून बंद गिरणीत जाऊन बसायचे. बायका दळण घेऊन यायच्या, तर "दोन दिवसांनी या" म्हणायचे. गिरणी बंद हाय, एवढंबी तोंडातून निघेना. मला त्यांची दया यायची आन दयेपेक्षा जास्त राग यायचा. ह्या माणसाचं गिरणीशिवाय दुसरं काही न्हाई, आन ती आता एका कानुळाच्या तोंडावर अडकली होती.

मुगी पोत्यांच्या ढिगात शिरून बसल्ती. खाईना, पिईना, बोलेना. शेवटी मी तिला मानगूट धरून बाहेर काढलं आन समोर बसवलं. "वास आल्ता का न्हाई?"

"आल्ता."

"मंग मेले, वरडली कशी न्हाईस?"

"वरडायच्या आधी शब्द आला. वाईट होता. गिळला." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला मी. "चांगलं म्हणलं. लई वेळा म्हणलं. वास्तूला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणलं. तरी झालं."

मी कपाळाला हात लावून बसले. म्हणजे ती बडबड न्हवती. ती तिच्या परीनं ह्यांना वाचवून राह्यली होती.

"मनात म्हणलं होतं," मुगी म्हणली. "गिळला तरी मनात होता. वास्तूनं मनातलं ऐकलं. माझ्यामुळं झालं. आता मी मनात बी काही येऊ देत न्हाई. बद्रीनाथच्या जवळ गेलं की येतं, म्हणून जवळ जात न्हाई."

आन आमचे हे, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेले, मान हलवून म्हणतात, "असू शकतं."

मी जे बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं न्हाई. रामराव दुकानातून उठून दारात आल्ते, आन माझं तोंड बघून तसेच परत गेले. एवढंच सांगते की मी म्हणलं, "असू शकतं? त्या मुक्या जिवानं तुमचं सगळं खरं मानलं. तुम्ही जन्मभर बोलला न्हाईत, फिट थांबली का? माझ्या बापाला सांगितलं न्हाई, थांबली का? आता हिचं तुम्हीच निस्तरा. मी एक शब्द बोलणार न्हाई." आन मी खरंच बोलले न्हाई, जे मला किती जड गेलं ते मलाच माहीत.

संध्याकाळ झाली. मी देवापाशी दिवा लावला. हे मुगीसमोर फतकल मारून बसले. म्हणले, "बाळा, तुला ते कळलं की सांगत जा."

"ते म्हणजे काय?"

"ते म्हणजे, मला कधी कधी होतं ते."

"त्याचं नाव काय? तूच म्हणलास, सगळ्याला नाव असतं."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी वाती वळून राह्यले. बघितलंच न्हाई तिकडं. सांगू शकले असते की, माझ्या जिभेवर तर चोवीस तास तो शब्द असतो. पण मी सांगून काय उपयोग होता?

ह्यांनी पाणी मागितलं, प्याले. दिवा बाजूला सरकवू का म्हणले. जरा उजाडल्यावर सांगितलं तर चालेल का म्हणले. मुगी बघून राह्यली. मंग ह्यांचा आवाज फाटला. म्हणले, "फिट. मला फिट येते." आन एकदा निघाल्यावर थांबेनात. "लहानपणी शाळेत आल्ती, पोरं पळून गेल्ती. तुझ्या आधीपासून येते. तू म्हणलं तरी येणार, न म्हणलं तरी येणार." डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी.

आम्ही तिघंबी वर पत्र्याकडं बघून राह्यलो. खोटं कशाला बोलू, मी बी बघितलं.

"म्हणली का?" मुगीनं इचारलं.

"कोण?"

"वास्तू. तथास्तु."

"न्हाई."

"हळू म्हणली असेल."

आन तिथून आमच्या घरात जो छळ सुरू झाला, तो इचारू नका. ह्या बयेनं ठरवलं की बघायचंच. सकाळी उठल्यापासून एकेक वाईट शब्द मोठ्यानं म्हणायची आन वाट बघत बसायची. "पत्रा पडणार." मंग पत्र्याखाली बसून वर बघायची. "रामरावचं दुकान जळणार." रामराव हात जोडून आले, म्हणले वहिनी, आवरा हिला. "सुरेखा मरणार. आज मरणार." संध्याकाळी मला येऊन इचारायची, "मेली न्हाईस?" न्हाई बाई, तुझ्या भाकरी थापायच्या राह्यल्यात. "मंग उद्या मरणार." मी माहेरी कधी इतक्या वेळा मेले न्हवते. हे बिचारे कानात बोटं घालायचे, मंग आपणच काढायचे. तिला गप बस म्हणले न्हाईत. एकदा सुद्धा न्हाई.

एकदा मात्र ती म्हणली, "भाकर करपणार," आन खरंच करपली. मुगी पोत्यात पळाली. "झालं. झालं ना." मी उलथनं घेऊन मागं गेले. "अगं, तुझ्याकडं बघत बसले म्हणून करपली. तव्यावर ध्यान असतं तर काय बिशाद होती तिची?" तिनं पोत्यातून डोकं काढलं. मंग म्हणली, "म्हणजे वास्तू न्हाई. तू." हो गं बाई, मी. सगळं माझ्याच नावावर घाल.

त्यानंतर ती हळूहळू ह्यांच्याजवळ बसायला लागली. प्लास्टर निघालं. हे नुसते खटक्याच्या तारेकडं बघायचे. मी शेवटी तार जोडली. मुगी बोलेल का न्हाई, ह्याची खात्री मला बिलकुल न्हवती. तिला बी न्हवती. पण ह्यांना किती दिवस त्या बंद पट्ट्यासमोर बसलेलं बघायचं?

बाजाराचा दिवस होता. दळणाचे डबे पार रस्त्यापर्यंत. कांताबाई पुढं, मागं अनोळखी बायका, खेड्यातून आलेले दोन म्हातारे. मी खटक्यापासून हललेच न्हवते. मुगी पोत्यांवर बसल्ती. एकदम तिचे कान ताठ झाले. मी बघितलं, तिचं तोंड उघडलं आन मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. मी खटक्यावर हात ठेवला. मंग ती उडी मारून पिठातून चालत ह्यांच्या पायापाशी आली आन मोटरच्या वरताण आवाजात म्हणली, "बद्रीनाथ, तुला फिट येऊन राह्यली. बस."

सगळ्यांनी ऐकलं. म्हाताऱ्यांनी बी. इतकी वर्षं गावाला चक्कर सांगितलेली. मी खटका पाडला. पट्टा मंदावला तसा सगळ्यांना आपापला श्वास ऐकू यायला लागला. हे लालबुंद झाले. कांताबाई म्हणली, "शुभ बोल गं बाई, भरल्या गिरणीत असं काय."

ह्यांनी हातातलं डबडं खाली ठेवलं आन लोकांकडं तोंड केलं. "बराबर बोलली ती," म्हणले. "मला फिट येते. लहानपणापासून. जरा थांबा, उठलो की दळून देतो." आन भिंतीला टेकून बसले.

फिट आली. मी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली रिकामं पोतं सारलं. एकबी बाई डबा उचलून गेली न्हाई. मुगी त्यांच्या डोक्यापाशी बसून राह्यली, अंगाचं लाकूड करून. सगळं शांत झालं, ह्यांनी डोळे उघडले, तेव्हा तिनं ह्यांच्या कानाला तोंड लावलं. एवढ्या मोठ्यानं बोलणारी ती, पण हे तिनं अगदी हळू इचारलं. "मी म्हणलं म्हणून आली का?"

ह्यांची जीभ जड झाल्ती. शब्द जुळवायला येळ लागला.

"न्हाई गं. तू म्हणलीस म्हणून मी बसलो."